वजन उतरत होतं तेव्हा

दादाचं वजन चार महिन्यांत बारा किलोंनी उतरलं आणि दर रविवारी मी त्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली. लाल पेनानं. ती वही अजून माझ्याकडे आहे. पान कोरं असतं तर आज म्हणता आलं असतं की लक्ष नव्हतं. लक्ष होतं. सगळं तारीखवार लिहिलेलं आहे आणि सगळं उलटं वाचलेलं आहे.

मी याद्या करणारी बाई आहे. शाळेच्या कार्यालयात उभी हयात गेली, तिथली सवय घरात आली. यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर, यजमान एमआयडीसीत पाळी करणारे. दोघंही दिवसभर बाहेर, त्यामुळे घर चालायचं ते माझ्या वहीवर. कोणाच्या घरी लग्न आहे, गॅस कधी लावला, यजमानांचा चष्मा कधी बदलायचा, सगळं त्यात. लोक हसायचे. दादा सगळ्यात जास्त हसायचा. मला तो इन्स्पेक्टर म्हणायचा.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. फुलसावंगीला राहायचा आणि तिथल्या कापसाच्या बाजारात मापारी होता. बाबाही मापारीच होते. मापारी म्हणजे आलेला माल तोलून देणारा माणूस. तो ना शेतकऱ्याचा ना व्यापाऱ्याचा, आणि शिव्या मात्र दोघांच्या खाणार. आमचं बालपण काट्याच्या आसपास गेलं. गाडीतला कापूस मुठीत दाबून बाबा सांगायचे, यात ओल आहे, दोन दिवस उन्हात टाका. दोन दिवसांनी तोच कापूस कमी भरायचा आणि बाबा खूश व्हायचे. आता खरा माल आला, म्हणायचे. वजन उतरलं म्हणजे पाणी गेलं, माल सुधारला, हे आमच्या घरात कोणी शिकवावं लागत नव्हतं.

दादा पन्नाशीला आला त्या वर्षी उन्हाळ्यात त्याला दम लागायला लागला. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. मी रजा काढून त्याला आणि वहिनीला यवतमाळच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. इको झाला, नळ्यांची अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, नळ्या साफ आहेत, पण हृदयाचा स्नायूच कमजोर झालाय. हृदय मोठं आणि ढिलं पडलंय, पूर्वीसारखं पिळून रक्त ढकलत नाही. मग चोवीस तास छातीला यंत्र लावून ठोके नोंदवले. ते मध्येच सुटायचे, बैल बुजल्यासारखे. स्नायूच्या या आजारात तेच जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्यासाठी एक गोळी सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार घ्यायची, शनिवार-रविवार नाही.

"म्हणजे गोळीले बी सुट्टी," दादा म्हणाला. "आमच्या बाजाराले नाही, इच्याहून आमचंच खराब."

डॉक्टर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही गोळी चांगली आहे, पण हिच्यात आयोडीन भरपूर असतं. त्यानं मानेतली थायरॉइडची ग्रंथी बिघडू शकते. कधी ती भलतीच जोरात काम करते, कधी थंड पडते. आज तपासणी करून घेतोय. त्यानंतर दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. ग्रंथी जोरात गेली तर ठोके पुन्हा बिघडतील, आणि या हृदयाला ते झेपणार नाही. विसरायचं नाही."

मी लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

पहिली तपासणी चांगली आली. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत होती, ती मी फाइलला लावली आणि दादासाठी मराठीत तक्ता केला. वहिनीला वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं काढली. सकाळच्या गोळ्यांपुढे सूर्य, रात्रीच्यांपुढे चंद्र, मिठाच्या डबीवर फुली. रक्त तपासणीपुढे सुई. एक तक्ता वर्षअखेरपर्यंत चालेल असा. सगळ्यात वर वजन. रोज सकाळी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर मला लगेच कळवायचं, कारण वाढलेलं वजन म्हणजे अंगात पाणी साठलं. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. वजन कमी झालं तर काय, हे मी विचारलं नाही. मापाऱ्याच्या पोरीला तो प्रश्नच पडला नाही.

वजनाची सोय दादाकडे होतीच. पहिली गाडी लागायच्या आधी तो स्वतः काट्यावर उभा राहायचा. "बारदाना वजा करून सांगू की धरून?" असं मला फोनवर विचारायचा. बारदाना म्हणजे मालाचं रिकामं पोतं, इथे त्याची चप्पल आणि पँट. नाक्यावर कॉइन बॉक्स होता. दर रविवारी सकाळी अकराला तिथून फोन यायचा. रविवारी आठवडाभराचे आकडे, मधे काही वाटलं तर केव्हाही. सुरुवातीला चौऱ्याहत्तर होतं. पाण्याच्या गोळीनं पायाची सूज गेली आणि दिवाळीपर्यंत सत्तरवर आलं. डॉक्टर म्हणाले, छान. दादा जिना चढायला लागला. मला वाटलं, व्यवस्था बसली.

मग कापसाचे दिवस सुरू झाले. ती वर्षं आमच्या जिल्ह्याची वाईट गेली. पेपर उघडवत नव्हता. बाजारात गाड्यांच्या रांगा लागायच्या, भाव पडलेला, माणसं दोन-दोन दिवस गाडीखाली झोपायची आणि नंबर आला की सगळा राग काट्यावरच्या माणसावर निघायचा. दादानं हलकं काम मागून घेतलं होतं, पोती उचलायची नाहीत, फक्त आकडा वाचायचा आणि पुकारायचा. पण रजा मिळत नव्हती, आणि तो मागतही नव्हता. नोव्हेंबरमध्ये थायरॉइडची तपासणी होती. त्यासाठी महागावला गाडी बदलून यवतमाळला यायचं, रक्त द्यायचं, रिपोर्ट नागपूरहून चार दिवसांनी.

"पुढच्या महिन्यात येतो, माय," दादा म्हणाला. "आता सोडून आलो तं लोक मले काट्यालेच टांगतीन."

मी वहीत बाण काढला आणि काम डिसेंबरात नेलं. डिसेंबरातून जानेवारीत. जानेवारीतही दादाला रजा नव्हती. आमच्या कार्यालयात एक पद्धत होती, मीच पाडलेली. तीनदा पुढे ढकललेला विषय एक तर त्याच दिवशी निकाली काढायचा नाहीतर यादीतून वगळायचा, उगाच पानं भरायची नाहीत. जानेवारीत मी नवी वही लावली आणि दादाचा नवा तक्ता केला. पहिला रिपोर्ट चांगला होता. सूज नव्हती. वजन उत्तम उतरत होतं. मी ती ओळ काटली. मार्चच्या पंधरा तारखेला डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा बघू, असं मनात म्हटल्याचं आठवतं. पण तेही लिहिलेलं नाही.

नवा तक्ता मी एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. त्या आठवड्यात वहिनीचा फोन आला.

"बाई, यावेळी सुई नाही काढली तुम्ही."

"तो रिपोर्ट चांगला आला होता ना, वहिनी. आता गरज नाही."

"डॉक्टर तं म्हणत होते का सहा महिन्यांनी..."

"मी बघते ते."

फोनवर मी कार्यालयातली भाषा बोलायची. घरातली सगळी माणसं वऱ्हाडी बोलतात, मीही बोलते, पण वही समोर असली की माझी भाषा बदलते. समोरच्याला त्यापुढे बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळत होतं का? थोडंसं कळत असावं.

त्या आधी आणि त्या नंतर मिळून वहिनीचे चार फोन आले, रविवारच्या आकड्यांखेरीजचे. मी ते नोंदवले आहेत. नोंद कशी, तर एका ओळीत. पहिल्यासमोर लिहिलंय, 'भूक चांगली'. बोलणं असं झालं होतं.

"जय भीम, बाई. आज सदुसष्ट भरलं म्हणत होते हे."

"जय भीम. वा! पाय कसे आहेत?"

"पायाले काही नाही. पण बाई, चार-चार भाकरी खाऊन राह्यले. पह्यले दोन खात नव्हते. तरी गालफाडं बसून राह्यली. खाल्लेलं जाते कुठं?"

"मीठ किती घालता?"

"मिठाचं तुम्ही सांगतलं तसंच हाय. मी मिठाचं नाही म्हणून राह्यली."

"वहिनी, अंगातलं पाणी निघतंय. पाणीच होतं ते. आता खरं वजन यायला लागलं."

ती गप्प झाली. मापाऱ्याची बायको होती ती, हे बोलणं तिला पटण्यासारखंच होतं. तरी तिच्या गप्प होण्यात पटलेलं काही नव्हतं. ते मला आता ऐकू येतं.

दुसरा फोन पौषातला. लोक शेकोट्या करून बसले होते आणि दादा बनियनवर अंगणात खाट टाकून झोपत होता. झोपत होता म्हणजे पडत होता, झोप लागत नव्हती. घाम यायचा. "थंडीत घाम येते व बाई, असं कधी पाह्यलं काय?" मी म्हटलं, कमजोरीचा घाम असतो. कुठून आणलं मी हे, देव जाणे. वहीत लिहिलं, 'झोप कमी, कापसाचा सीझन'.

तिसऱ्या वेळी ती रडवेली होती. दादानं बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर हात उगारला होता. आयुष्यात ज्यानं घरात ताट आपटलं नाही तो माणूस. आणि चहाची कपबशी धरली की बशी वाजायची, इतके हात कापायचे. लोक म्हणत होते, बाजाराचा ताण आहे. मीही तेच म्हटलं. "सगळा जिल्हाच झोपेवाचून आहे वहिनी. कोण शांत राहील?"

हे मात्र खरं होतं. त्या हिवाळ्यात जो भेटेल तो वाळलेला, जागरणानं डोळे खोल गेलेला, बोललं की अंगावर येणारा. दादाचा आजार त्या गर्दीत मिसळून गेला. पण गर्दीतल्या कोणाच्या घरी माझ्यासारखी नणंद नव्हती जिच्या फाइलला डॉक्टरांची चिठ्ठी लावलेली होती. तिच्यातलं थायरॉइडच्या लक्षणांचं वाक्य मी काढून वाचलं असतं तर पाच मिनिटं लागली नसती. घाम, थरथर, भूक आणि उतरतं वजन एकत्र ठेवायचं होतं, आणि एकत्र ठेवणं हीच तर माझी ख्याती.

चौथा फोन फेब्रुवारीच्या शेवटी.

"छातीत कबुतर बसलं म्हणते हे. फडफडते न थांबते."

"किती वेळ?"

"मले मोजता येते काय, बाई? तुम्ही या न एकदा. डोळ्यानं पाहा."

शाळेत परीक्षांचं काम होतं. "पंधरा तारखेची वेळ घेतली आहे," मी म्हटलं. "आता दोन आठवडे तर राहिलेत. तोवर जिना चढू देऊ नका. मी लिहून ठेवते."

आणि लिहून ठेवलं.

मार्चच्या पाच तारखेला सकाळी दहाच्या सुमारास दादा काट्यापाशी आकडा पुकारता पुकारता खाली बसला. तोलाईसाठी थांबलेल्या एका शेतकऱ्याच्याच टेम्पोतला कापूस खाली ओतून त्याला त्यातून यवतमाळला आणलं, असं मागून कळलं. म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या, ज्याच्यावर दादानं हात उगारला होता त्याच्या. दुपारी एक वाजता मी दवाखान्याच्या दारात फाइल घेऊन उभी होते. गाडीतून वहिनी उतरली. मग दोघांनी धरून एक माणूस उतरवला. मी त्याच्या मागे बघत राहिले, दादा कुठे आहे म्हणून.

चार महिने मी त्याला पाहिलंच नव्हतं. आकडे पाहिले होते. अठ्ठावन्न हा आकडा मी पाहिला होता आणि त्यापुढे खूण केली होती. अठ्ठावन्न किलोचा माझा दादा कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. मान बारीक, शर्टाच्या कॉलरमध्ये दोन माना मावतील अशी. डोळे मोठे, उघडेच. कातडी गरम आणि ओली. मला बघून तो म्हणाला, "आलो बाप्पा तुझ्या हापिसात." आवाजालाही दम नव्हता.

ठोके सुटलेले होते. डॉक्टर आणि नर्स त्याच्याभोवती, आम्ही पडद्याबाहेर. तासाभरानं ठोक्यांना थोडा आवर आला तेव्हा आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरांनी दादाला हात समोर पसरायला सांगितला आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरायला लागला. त्यांनी मान चाचपली. मग मागे न बघता विचारलं, "थायरॉइडची शेवटची तपासणी कधी केली?"

फाइल माझ्या हातात होती. रिपोर्टना वेगळी पट्टी, चिठ्ठ्यांना वेगळी. मला उत्तर दिवसासकट पाठ होतं. तरी मी पानं उलटत राहिले.

"राहून गेली जी," वहिनी म्हणाली. "आमच्यानंच राह्यली. बाजार चालू होता ह्यायचा."

डॉक्टर वळले. दमलेले होते, घाबरलेलेही असावेत, पेशंट हातातून निसटता निसटता राहिला होता. "तुम्हाला तेव्हा बजावून सांगितलं होतं ना? सहा महिन्यांनी म्हणजे सहा महिन्यांनी. नवऱ्याचं अंग असं वाळत गेलं, हात कापताहेत, घरात कोणाला दिसलं नाही? काही कळतं की नाही तुम्हाला?"

वहिनी खाली बघत उभी होती. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आला. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही जरा लक्ष ठेवत जा यांच्यावर."

मी म्हटलं, "हो, डॉक्टर."

एवढंच म्हटलं. आता कितीही वर्षं झाली तरी तेवढंच म्हटलेलं राहणार आहे.

रिपोर्ट आला, थायरॉइड पेटलेली होती. ती गोळी बंद केली. पण डॉक्टर म्हणाले, ही गोळी शरीरात महिनोन्महिने मुरून राहते, आज बंद केली म्हणून उद्या तिचा असर जात नाही. ग्रंथी आवरायला दुसरी औषधं दिली, ठोक्यांसाठी वेगळी. एकोणीस दिवस दवाखाना, मग तीन महिने दादा आणि वहिनी लोहाऱ्याला आमच्याकडे. दादाच्या अंगावर हळूहळू मांस आलं. पण नव्या इकोत हृदय आणखी ढिलं दिसलं. त्या महिन्यांमधल्या धावपळीनं त्याचं जे गेलं ते परत आलं नाही. काट्यावर तो पुन्हा गेला नाही.

तो मला काही बोलला नाही. त्याला ठाऊक होतं का? तक्ता तर त्यालाही वाचता येत होता. एकदा दुपारी जेवता जेवता म्हणाला, "बारा किलो घट! एवढी घट तं मी बेइमान व्यापाऱ्यालेही काढू देली नाही कधी." आणि हसला. यजमानही हसले. मी भात आणायला उठले. ओट्याशी उभी राहिले, भात पुढ्यातच होता.

पुढचा पावसाळा संपता संपता आणखी एक गोष्ट झाली. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

दादाचं वजन वाढायला लागलं. तेव्हा दोघं लोहाऱ्याला माझ्याकडे आले होते. आता मी जागी होते, वजन वाढलं म्हणजे पाणी, माझी घाई सुरू झाली, पाण्याची गोळी वाढवायची का म्हणून डॉक्टरांना फोन लावायला निघाले. वहिनीनं माझा हात धरला. "बाई, हे पाणी नोहे. पायावर बोट दाबून पाहा, खड्डा नाही पडत. तोंड सुजलं हाय, पण ती सूज वेगळी हाय. आवाज जाड झाला. ऑक्टोबरच्या उन्हात चादर मांगते हा माणूस. बसल्या बसल्या झोपते. मागं जे झालं ना, त्याच्या उलटं होऊन राह्यलं."

दोघी त्याला घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. तिथे वहिनी एक शब्द बोलली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं सगळं बोलणं मी सांगितलं, त्याच क्रमानं. रक्त तपासलं, ग्रंथी थंड पडली होती. पेटून गेली की पुष्कळदा अशी विझते म्हणे. वेळेवर कळलं म्हणून साधी एक गोळी पुरली. डॉक्टर मला म्हणाले, "तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे. घरोघरी असं एक माणूस हवं."

मी तेही घेतलं. म्हणजे नाही म्हटलं नाही. वहिनी दादाची चप्पल सरळ करत होती.

दादा त्यानंतर दोन वर्षं होता. एका सकाळी दाढी करताना गेला, क्षणात. ठोकेच असावेत. मार्चमधल्या त्या प्रकारानं त्याची किती वर्षं कमी झाली, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते की या आजारात काही सांगता येत नाही, आणि मला ते पुरलं असतं. म्हणून नाही विचारलं.

दादा गेल्यावर वहिनी फुलसावंगीलाच राहिली. वर्षातून दोन-तीनदा माझ्याकडे यायची. तिला रक्तदाब निघाला तेव्हा मी तिला जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी, चांगली होती. तिनं वहिनीला विचारलं, "काय होतंय, आई?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "बाई सांगतीन."

डोकं तिचं दुखत होतं. चक्कर तिला येत होती. आणि ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. घरी आलो. मी ताटं वाढली आणि माझं ताट तसंच ठेवून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही खोटं काहून बोलल्या, वहिनी?"

कोणता दिवस, हे तिनं विचारलं नाही.

"मंग काय म्हणू? बाईनं काटलं म्हणू?" तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "डॉक्टरचा तुमच्यावर भरोसा होता. तो गेला असता तं ह्यायची फाइल कोणं पाह्यली असती? मले तं त्या गोळीचं नाव बी घेता येत नाही. आन् तुम्ही तशा उभ्या होत्या, पांढऱ्या फट्ट. म्हटलं, ह्या बी पडतीन आता. एक पडलेला होताच."

"तो तुम्हाला किती बोलला."

"बोलला. त्यानं माह्यं काय गेलं?"

"गेलं न," मी म्हटलं. "त्या दिवसापासून तुम्ही डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही. तुम्हालेच सगळं दिसत होतं, आणि तुम्हीच बोलणं सोडलं. मी तवा खरं बोलली असती तं..."

"तवाचं सोडा. त्याच्या आंधी तुमच्यासमोर चार वेळा उघडलं होतं तोंड." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "तुम्ही लिहून घेतलं."

बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली.

"राग हाय काय माझा?"

"हाय न." तिनं पाणी प्यायलं. "पण तो घेऊन जाऊ कुठं? येते तं तुमच्याच घरी न मी."

मी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर तिनं दिली असती, आणि मग तेही काम झालं म्हणून मी खूण केली असती. मला स्वतःची तेवढी ओळख आहे.

महिन्याभरानं तिला पुन्हा दाखवायचं होतं. आम्ही आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता कसं वाटतंय, आई?" वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलली, "मी बाहेर बसते," म्हटलं आणि दार ओढून घेतलं. बाकावर बसले. आतून कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. मग वहिनीचा आवाज आला. अडखळत आला, थांबला, पुन्हा आला. शब्द कळत नव्हते.

ती पंधरा मिनिटांनी बाहेर आली. आत काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.